नवागामच्या पंख्याने पाहिलेल्या पवनचक्क्या

मित्रांनो, मी एक जुना, स्टँडवर उभा राहणारा पंखा आहे. माझी जाळी साडीच्या काठाने बांधलेली आहे आणि मान एकाच बाजूला वळते. पण म्हणून मला कमी लेखू नका. सुरतेचा उन्हाळा ज्याने पत्र्याखाली काढला आहे, त्याला विचारा पंख्याची किंमत.

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या एका दुकानातून, खानदेशातून कामासाठी आलेल्या सखारामने मला खांद्यावर घेऊन नवागामच्या खोलीत आणलं. सखाराम लूमच्या खात्यात कामाला होता, म्हणजे जिथे दिवसभर यंत्रमाग खडखडतात तिथे. त्याची बायको सरस्वती घरी साड्यांना टिकल्या लावायची. त्यांची मुलगी दिपाली तेव्हा पाळण्यात होती. मी वारा घालायचो आणि ती माझ्याकडे बघून हसायची. दसऱ्याला सरस्वती मला बंद करून पुसायची, हळदकुंकू लावायची. चालत्या यंत्राची पूजा करायची नसते, त्याला त्या दिवशी विसावा द्यायचा असतो, असं तिचं म्हणणं.

मग एक वाईट दिवस आला. धागा तुटला की आधी माग थांबवायचा, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिथल्या शेठला थांबलेला माग बघवत नसे. चालत्या मागावर धागा जोडताना सखारामच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून तो माझं बटण अंगठ्याने दाबतो. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. सरस्वती मात्र कुठलंही यंत्र दिसलं, की ते बंद कुठून होतं तेच आधी बघू लागली.

पुढे घरात कूलर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! तिथे धूळ खात पडल्या पडल्या मी ऐकलं, की दिपाली वीजतंत्रीचा कोर्स पास झाली. समुद्रकाठच्या पवनचक्क्यांवर तिला नोकरी लागली. काम काय, तर खांबाच्या आतून शिडीने वर चढायचं आणि यंत्र दुरुस्त करायचं. सरस्वतीच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिने सांगून टाकलं, "मी मना डोयानी देखसू. पटनं तं ऱ्हाय. नही तं सामान आनि तू, दोन्ही ह्याच टेम्पोमा माघारी."

दिपालीच्या नव्या खोलीत पंखा नव्हता. म्हणून मीही खाली उतरलो, पुसला गेलो आणि त्या तिघांबरोबर टेम्पोत गाद्यांशेजारी उभा राहिलो. पांडेसऱ्याच्या कारखान्यांची धुराडी मागे पडली. कोळंबीची तळी लागली, मग तिवरांची झाडं, मग ओहोटीने दूर गेलेला समुद्र आणि त्याचा ओला चिखल. आणि मग मी त्यांना पाहिलं.

मित्रांनो, काय सांगू! पांढऱ्याशुभ्र पवनचक्क्या, एकीमागे एक, थेट नजर पोचेल तिथपर्यंत. प्रत्येकीला तीन पाती, माझ्यासारखीच. पण एकेक पातं आमच्या सगळ्या गल्लीपेक्षा लांब! त्यांच्या सावल्या चिखलावरून सरकत होत्या आणि बगळे त्या सावल्यांतून निवांत चालत होते. मला वाटलं, हे तर माझे थोरले भाऊ. पण एवढा वारा हे घालतात तरी कुणाला, समुद्राला? तेवढ्यात दिपाली वडिलांना म्हणाली, "आबा, ह्या वारा करतस नही, वारा ह्यास्ले फिरावस. मंग लाईट बनस." मी जन्मभर वीज खाऊन वारा घातला आणि हे वारा खाऊन वीज देतात! माझा सगळा तोरा तिथेच उतरला.

टेम्पो कुंपणापाशी थांबला. दिपालीला मेस्त्रीबरोबर एका पवनचक्कीवर चढायचं होतं. तिने कमरेला पट्टे बांधले, डोक्यावर टोपी घातली. सरस्वतीने मान वर करून पाहिलं, पदर घट्ट धरला आणि विचारलं, "तू वर ऱ्हाशी, तवय हाई फिरी का?"

"नही आई. आधी बंद करतस, मंगच आम्ही चढतस."

"आनि खालथून कोनी चालू करी दिधं तं?"

"कुलूप ऱ्हास. चावी मना खिसामा. मी खाले उतरू तवलोंग कोनीच चालू करू शकत नही."

"शेठनी सांगं तरी?"

"शेठनी सांगं तरी बी नही."

 तिथल्या गुजराती साहेबांनी सरस्वतीला बाजूला उभं राहायला सांगितलं, "बेन, आ बाजु ऊभा रहो." आणि ते प्रचंड यंत्र मंदावू लागलं. सावली हळूहळू सरकली, अडखळली आणि थांबली. बाकीच्या फिरत होत्या, समुद्रावरून वारा येतच होता आणि तेवढी एकच निश्चल उभी होती. का? तर आमच्या पाळण्यातल्या पोरीला वर जायचं होतं. माझ्या तारा थरारल्या.

बऱ्याच वेळाने आभाळाला टेकलेल्या त्या टोकावर मुगाएवढी टोपी दिसली. हात हलला. सरस्वतीने डोळे पुसले, पण नजर हलवली नाही.

दिपाली खाली आली तेव्हा घामाने भिजली होती. सखारामने चावी मागून घेतली आणि उरलेल्या बोटांत धरून कितीतरी वेळ पाहिली. मग म्हणाला, "मना खातामा अशी चावी पाहिजे व्हती."

इतक्या वर्षांत तो त्याबद्दल पहिल्यांदाच बोलला. सरस्वतीने पिशवीतून करंडा काढला. मला वाटलं, आता ती पवनचक्कीला कुंकू लावणार. तिने ते नवऱ्याच्या हातातल्या चावीला लावलं आणि टेम्पोवाल्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, सामान उतारा."

आता मी दिपालीच्या खोलीत असतो. खिडकीतून माझे थोरले भाऊ दिसतात. मित्रांनो, आम्ही यंत्रं. समोर धागा आहे की बोट, ते आम्हाला दिसत नाही. ते तुम्ही बघायचं. मला पुसायला याल तेव्हा आधी बटण बंद करा. मी थांबेन. त्यात मला कमीपणा वाटत नाही, माझ्याहून फार मोठ्यांना मी थांबताना पाहिलं आहे.