आत्या मागून येते

आजोबांनी जन्मभर कपडे शिवले. त्यामुळे जगातली कुठलीही अडचण टेप लावून मोजली की सुटते, असा त्यांचा ठाम समज होता. आज तर त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. लेकीची सायकल शर्यत होती! मागच्या वर्षी ती पडली, हात मोडला, आणि तेव्हापासून त्यांना शर्यत बघायची हिंमतच झाली नव्हती. यंदा मात्र त्यांनी तिला शब्द दिला होता, "शेवटच्या वळणावर उभा असेन. माझा आवाज ऐकू येईल तुला."

त्या उत्साहात त्यांनी सकाळीच एक उद्योग करून ठेवला. तीन वर्षांच्या नातीचे, म्हणजे टिंगीचे पाय मापले, गाडीत तिच्या सीटपुढची जागा मापली. माप जुळेना, म्हणून मागच्या काचेकडे तोंड असलेली तिची सीट काढून चक्क पुढे तोंड करून बसवली. पोरीला शर्यतही दिसेल आणि पायही मोकळे राहतील!

निघायच्या वेळी सुनेने गाडीचं दार उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, हे काय?"

"अगं, एवढी घोडी झाली, अजून उलटी बसवतेस? पाय बघ कसे दुमडतात!"

"पायांचं माप काय घेताय, मानेचं बोला! करकचून ब्रेक लागला की पुढे तोंड करून बसलेल्या लहान पोराचं डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. उलटं बसलं की डोकं, मान, पाठ, सगळंच सीट सांभाळते. आणि सीटवर लिहिलेल्या उंची-वजनात ती अजून बसते."

"पण उशीर होईल गं!"

"होऊ दे."

सून बोलायला मऊ, पण एकदा नाही म्हटलं की नाही. सीट पुन्हा उलटी फिरवून, गुडघा तिच्यात रोवून ती पट्टे आवळत राहिली आणि आजोबा घड्याळाकडे बघत पुटपुटत राहिले. चूक आपलीच आहे हे त्यांना कळत होतं, म्हणून तर जास्तच पुटपुटत होते. टिंगी मात्र सीटवर चढली आणि मस्त मांडी ठोकून बसली.

व्हायचं तेच झालं. शेवटच्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे गाड्यांची रांग ठप्प! कडेची पट्टी दोरी बांधून शर्यतीसाठी मोकळी ठेवलेली. आजोबांचा जीव टांगणीला लागला. समोरच्या काचेला नाक लावून ते म्हणाले, "गेली असेल ती! शब्द मोडला मी!"

"आत्या!" मागून टिंगी किंचाळली.

"अगं, आत्या पुढे गेली, राणी."

"नाही! आत्या येते! लाल टोपी! आत्या!"

सुनेने आरशात पाहिलं आणि तीही ओरडली, "बाबा, उतरा! पळा!"

गुडघेदुखी बिखी विसरून आजोबा दोरीपाशी धावले. लाल हेल्मेट, वाकलेली पाठ, आणि पुढे एकच सायकल!

"पोरी! मी आलोय गं! हाण!"

तिने मान वळवली नाही, पण हसली. आजोबांनी ते हसू अगदी हातभर अंतरावरून पाहिलं. मग ती सीटवरून उठली, पेडलवर उभी राहिली आणि वाऱ्यासारखी निघून गेली.

आजोबा डोळे पुसत, धापा टाकत खिडकीशी आले.

"टिंगे, पाहिलंस का?"

"हो. येताना मी बघितली," टिंगी घाईघाईने म्हणाली, "आता मला दिसत नाही. आजोबा, जाताना तू बघ ना!"