चित्राखालचं नाव

उस्मानभाईंनी खांद्यावरचा पंचा मॉनिटरवर टाकला, माउसची वायर मागून उपसून खिशात कोंबली आणि हेडफोन कानाला लावून ते पुन्हा पहिल्या प्रश्नापासून निघाले. परीक्षेला पाऊण तास उरला होता.

"मास्तर, आता काय झाकून ठेवताय?" रखमाजीराव दारातून म्हणाले. ते दूध संघाचे सचिव. संघाच्या भोरच्या कचेरीत टेलिफोन आणि संगणक सांभाळायला एक जागा भरायची होती. तिची परीक्षा संघाच्या नव्या वेबसाइटवर घ्यावी, ही हौस त्यांचीच.

"जे त्या साधना नावाच्या पोरीला दिसणार नाही, ते मलाही दिसायला नको."

"एका पोरीपायी दोन महिने घातलेत तुम्ही. शेजारी एक वाचणारा बसवला असता तर भागलं नसतं का?"

"भागलं असतं. मग तिला मार्क पडले, की वाचणाऱ्यानं सांगितलं असं पहिल्यांदा तुम्हीच म्हणाला असता."

रखमाजीराव हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

उस्मान मुजावर आयटीआयमधून वायरमनचे निदेशक म्हणून निवृत्त झाले, त्याला तीन वर्षं झाली होती. एसटी स्टँडमागं आठ संगणकांचं केंद्र काढून ते बसले होते. संघाची वेबसाइट आणि परीक्षा त्यांनीच बांधली. पासली गावच्या साधनाचा अर्ज आला तेव्हा मात्र ते चमकले. साधना जन्मांध. पुण्याच्या अंधशाळेत ती संगणक शिकली होती. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिला सरावाचं होतं. उस्मानभाईंनी ते आपल्या यंत्रावर चढवलं आणि पंचा टाकून परीक्षा उघडली, तर त्यांनीच बांधलेल्या पानावरून तो हिंदी वळणाचा आवाज नुसताच 'बटन, बटन, बटन' म्हणत राहिला. वर घड्याळ दर सेकंदाला मधेच बोलत होतं.

मग त्यांनी एकेक दोष काढला. बटनांना नावं दिली. घड्याळ गप्प केलं. विचारलं तरच वेळ सांगेल असं केलं. वीज गेली तरी दिलेलं उत्तर जागेवर राहील, अशी तजवीज केली. शेवटचे पाच प्रश्न चित्रांचे होते: चिन्ह पाहून त्याचं काम ओळखायचं. चित्र वाचणाऱ्या आवाजाला कळत नाही, म्हणून मागं दडलेल्या ओळीत त्यांनी प्रत्येक चित्राचं वर्णन लिहिलं. आताही शेहेचाळिसाव्या प्रश्नाशी आवाज स्वच्छ म्हणाला, "कट करण्याचे चिन्ह." उस्मानभाईंनी समाधानानं मान हलवली. नाव नसलेली आकृती अपुरी, हे तीस वर्षं त्यांनी फळ्यासमोर उभं राहून शिकवलं होतं.

साधना आली ती वडिलांच्या, हैबतींच्या काठीचं दुसरं टोक धरून. हैबती शेरडं राखायचे. पहाटेच्या गाडीनं निघालेले.

"मास्तर, पोरीला दिसत न्हाई, पन तिला समदं येतंय," ते म्हणाले. "तेवडं जरा बगा."

"बाबा, बगायचं काय त्यात," साधना म्हणाली. "मी काय कुनाच्या वशिल्यानं आले न्हाई."

अकराला परीक्षा सुरू झाली. आठ यंत्रांवर आठ उमेदवार. पन्नास प्रश्न, एक तास. चाळीस मार्क मिळवेल त्यालाच मुलाखत. बाराला भारनियमन, त्यापुढं इन्व्हर्टर फार तर दहा मिनिटं तग धरायचा. उस्मानभाई भिंतीला टेकून उभे राहिले. साधनाची बोटं थांबत, चालत, पुन्हा थांबत.

"सर, तिच्या कानात कोन बोलतंय?" पलीकडच्या यंत्रावरून कामथडीचा पप्पू म्हणाला. "आमाला बी लावा की एक बाई."

दोघंतिघं हसले. साधनाची बोटं थांबली नाहीत.

अकरा त्रेपन्नला तिनं हात वर केला.

उस्मानभाई लगबगीनं गेले. "काय अडलं?"

"सर, हितं चित्रच उत्तर सांगतंय." तिचा आवाज अगदी खाली होता. "चिन्हाचं काम वळका म्हनून विचारलंय, आन् आवाज म्हनतोय, कट करन्याचं चिन्ह. बाकीच्यांना बी असंच सांगतंय का?"

पाचही चित्रांना उस्मानभाईंनी नावच दिलं होतं. दोन महिन्यांत किती वेळा ऐकलं होतं ते, पंचा टाकून.

"नाही. त्यांना नुसती कात्री दिसते."

"मग मला बी कात्रीच सांगा."

रखमाजीराव जवळ आले होते. त्यांनी उस्मानभाईंना दंडाला धरून बाजूला घेतलं. "मास्तर, राहू द्या. पोरीचं भलंच होतंय, कोण बघायला बसलंय?"

साधनाचं तोंड आवाजाकडे वळलं. "बारावीला मला लिवनारी दिली व्हती, साहेब. आजून पासलीत म्हनत्यात, त्या लिवनारीनं पोरगी पास केली."

पप्पूनं मान आपल्या पडद्याकडे वळवली.

उस्मानभाई आतल्या खोलीत मुख्य यंत्रापाशी धावले. 'कट करण्याचे चिन्ह' पुसून त्यांनी 'उघडी कात्री' लिहिलं. 'शोधण्याचे चिन्ह' काढून 'दुर्बीण'. मग छपाईचं यंत्र, मग फ्लॉपी. शेवटच्या चित्रापाशी घाईत 'ब्रश' एवढंच लिहून ते बाहेर आले. पाच मिनिटं गेली होती.

"पान पुन्हा उघड. दोन मिनिटं राहिलीत. गेलेली पाच मी परत देतोय."

"घड्याळ सगळ्यांना एकच," रखमाजीराव म्हणाले.

"तिची पाच मिनिटं मी खाल्ली, रखमाजीराव. अहवालात लिहितो, दोष माझा म्हणून. सही माझी, तुम्ही नुसतं पाहिलं असं लिहा."

रखमाजीराव खुर्ची ओढून बसले.

बाराला पंखे थांबले. इन्व्हर्टर बारीक आवाजात ओरडू लागला. बाकीचे उमेदवार उठून गेले, तरी कोणी पायऱ्या उतरलं नाही. सगळे दारात गोळा झाले. साधना एक कान हातानं दाबून दुसऱ्या कानातला आवाज ऐकत होती. बारा वाजून तीन मिनिटांनी तिनं शेवटची कळ दाबली आणि हेडफोन उतरवला.

"शेहेचाळीसावा सोडला, सर. त्याचं उत्तर आदीच ऐकलं व्हतं."

"अगं, सोडलास?" उस्मानभाईंच्या तोंडून निघून गेलं.

पडद्यावर आकडा आला. तो उस्मानभाईंनी वाचला. साधनानं हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि स्वतःच ऐकला.

"किती?" दारातून हैबतींनी विचारलं.

"एकुनचाळीस."

"आन् पास?"

"चाळीस."

इन्व्हर्टर ओरडायचा थांबला. पडदे एकामागून एक विझले. रखमाजीराव घसा साफ करत म्हणाले, "मास्तर, त्या कात्रीचा एक मार्क..." त्यांनी साधनाकडे पाहिलं. ती हेडफोनची वायर बोटांभोवती नीट गुंडाळत होती. पुढची भरती कधी, एवढंच तिनं विचारलं. दोन वर्षांनी, असं रखमाजीराव म्हणाले. अहवालावर उस्मानभाईंच्या सहीखाली सही करून ते निघून गेले. वेबसाइटच्या कामाचं पुढं बोलू म्हणाले नाहीत, आणि उस्मानभाईंनीही विचारलं नाही.

"चित्रांतलं आनि कंचं चुकलं, सर?" साधनानं विचारलं.

"शेवटचं. ब्रशचं. एका मजकुराचं रूप दुसऱ्याला द्यायचं काम असतं त्याचं."

"ते काम मला येतंय की. कीबोर्डवर रोज करते. पन रंगवायचा ब्रश म्या कदी हातात धरला न्हाई. आवाज ब्रश म्हनला, मी पुसायचं काम समजले."

उस्मानभाई फळीवरून केंद्राची पाटी रंगवली होती तो ब्रश घेऊन आले आणि त्यांनी तो तिच्या हातात दिला. तिनं दांडा चाचपला, पत्र्याची पट्टी चाचपली आणि केस तळहातावरून ओढले. एकदा, मग पुन्हा.

"बाबा, बगा."

हैबतींनी दोन बोटांत केस धरले. "शेरडाचं हायती," ते म्हणाले. "शेपटीचं."

"व्हय," साधना म्हणाली आणि हसली. ब्रशचे विस्कटलेले केस अंगठ्यानं सारखे करून तिनं तो परत केला. पासलीची गाडी एकची होती. दोघं काठीची दोन टोकं धरून पायऱ्या उतरले.

वीज पाचला येणार होती. उस्मानभाई झाकायला काहीच नसलेल्या काळ्या पडद्यासमोर बसले. त्यांनी डोळे मिटले, ब्रशवरून अंगठा फिरवला, आणि वही ओढून लिहिलं: लाकडी दांडा, पत्र्याची पट्टी, पुढं शेळीच्या शेपटीचे मऊ केस, हात फिरेल तिकडं वळणारे.

खाली त्यांनी नाव लिहिलं नाही.