आपल्या माणसाकडचं ग्राफिक्स कार्ड

सिरसाळ्यात शिवशंकर सरांच्या घरी त्या सोमवारी सकाळी रडारड तेवढी झाली नाही, बाकी सगळं सुतकासारखंच होतं. संस्कृतीच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी हिरव्या-जांभळ्या रेघा आल्या आणि मग पडदा काळाठिक्कर पडला.

"ग्राफिक्स कार्ड गेलं, पप्पा. आता गेम चालणारच न्हाई."

संस्कृती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. पाच मुलींचा तिचा संघ कॉलेजांच्या ऑनलाइन गेम स्पर्धेत अंतिम फेरीत पोचला होता आणि ती फेरी होती येत्या रविवारी सकाळी दहाला. पूर्वी सर तिला म्हणायचे, "खेळून कुणाचं पोट भरलंय?" पण तालुक्याच्या बातमीपत्रात पोरीचं नाव छापून आलं आणि सरांचं मत बदललं. ते कात्रण त्यांनी सिरसाळ्यात दाखवलं नाही असा माणूस शोधावा लागेल!

"रविवारच्या आत आणू. पण अठरा हजाराच्या वर एक रुपया न्हाई," सर म्हणाले.

सर हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचे. समतेचा धडा तर असा रंगवायचे की मागच्या बाकावरची पेंगणारी पोरंही ताठ बसायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते सरांना फार जड जाणार आहे, आणि खरं बोलायचं तर आपल्यालाही.

त्याच संध्याकाळी बापलेक कॉम्प्युटरचा डबा घेऊन बसस्टँडमागच्या आम्रपालीच्या दुकानात गेले. आम्रपाली सरांचीच जुनी विद्यार्थिनी. बौद्ध वस्तीतली. डिप्लोमा करून आली आणि गावात दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिने डबा उघडला, धूळ झटकली आणि स्वतःचं एक जुनं, नुसतं तपासणीपुरतं, गेम न झेपणारं कार्ड लावून पाहिलं. पडद्यावर चित्र आलं!

"मशीन ठणठणीत हाय, सर. फक्त कार्ड बाद झालंय."

"मग मोठ्यातलं मोठं कोणतं बसंल अठरा हजारात?"

आम्रपाली हसली. "मोठं नका बघू, सर. झेपणारं बघा. हा तुमच्या डब्यातला वीजपुरवठा साडेचारशे वॅटचा हाय. भारी कार्ड लावलं की खेळ रंगात यायच्या टायमालाच मशीन बंद पडंल. पडदाही साधाच हाय म्हणता, त्याला आठ जीबीचं, कमी वीज खाणारं कार्ड लई झालं. अन् एक सांगते, जुनं घेऊ नका. काही लोक ऑनलाइन नाणी, ते क्रिप्टो, काढायच्या धंद्यात ही कार्डं रातंदिस भट्टीवाणी तापवतात, मग पुसूनपासून नव्याच्या भावात विकतात. वॉरंटी अन् पक्कं बिल असल्याबिगर हात लावायचा न्हाई."

संस्कृती एकामागून एक प्रश्न विचारत होती आणि आम्रपाली उत्तरं देत होती. डब्यात जागा किती आहे तेही तिने पट्टीने मोजलं. शेवटी एका कागदावर दोन कार्डांची नावं लिहून दिली. "पुण्याहून मागवावं लागंल, तीन दिवस लागतेत. आज सांगितलं तर गुरुवारी हातात. साडेसतरा हजार, माझी मजुरी धरून."

संस्कृतीचे डोळे चमकले. पण सर कागदाची घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "बघतो. सांगतो तुला." पूर्ण तासभर गेला होता. तपासणीचे किती झाले, हे विचारायचं सरांना सुचलंच नाही. तिनेही मागितले नाहीत, गुरुजींकडे कसे मागायचे? उलट तिने चहा मागवला. कप समोर आला तसे सर उठलेच.

"आज उपास हाय माझा. सोमवार ना!"

संस्कृतीने मान खाली घातली. दुपारी बापाने दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्लेली तिने पाहिली होती. आणि उपवासाला चहा चालतो हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, तिलाच सांगा ना मागवायला. कावून थांबायचं?"

"अगं, परळीत आपले विजयसिंह हायत की. एवढं मोठं दुकान! आपला माणूस सोडून तिकडं कावून जायचं? लोक काय म्हणतील?"

तिकडं म्हणजे कुठं, हे सरांनी सांगितलं नाही. पोरीला ते कळलं. आपल्यालाही कळतंच, नाही का?

विजयसिंह म्हणजे सरांच्या पत्नीच्या, सत्यशीलाबाईंच्या मावसबहिणीचा दीर. मंगळवारी सर परळीला गेले तेव्हा त्याने खुर्ची दिली, चहा दिला. इथे उपवास नव्हता. सरांनी खिशातला कागद पुढे केला.

"कुणी लिहिलं हे?" विजयसिंहने कागद बाजूला सारला. "दाजी, ही दोन्ही कार्डं लेकरांच्या खेळण्यातली. ताईच्या पोरीला मी असलं देईन व्हय? हे घ्या, याच्या दुप्पट ताकदीचं. बाहेर तीस हजाराच्या खाली न्हाई. तुमच्यासाठी अठरा."

"पण वीजपुरवठा साडेचारशेचाच हाय म्हणं."

"ही कार्डाला वीज द्यायची जोडवायर घ्या. फुकट. सगळे असंच लावतेत."

सरांनी पैसे दिले. बिलाचं ओठांवर आलं होतं, तेवढ्यात विजयसिंह दंडावर थाप मारत म्हणाला, "अन् बिल कशाला आपल्यात? घरचा मामला हाय!" आता पाहुण्याला बिल मागायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा. आपल्याकडे माणूस एक वेळ फसेल, पण सोयऱ्याला बिल मागणार नाही. सर हसले आणि खोकं काखेत मारून एसटीत बसले.

संध्याकाळी संस्कृतीने कार्ड बसवलं. गेम उघडला. दहा मिनिटं झक्क चाललं आणि फट् करून मशीन बंद! पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. चौथ्या वेळी जळका वास आला आणि मग काहीच आलं नाही.

बुधवारी शाळेतून रजा काढून सर परत परळीला गेले. यावेळी खुर्ची मिळाली नाही. विजयसिंह गिऱ्हाइकाशी बोलता बोलताच म्हणाला, "दाजी, तुमच्या मशीनीतच फॉल्ट असंल. अन् बिल कुठं हाय? बिलाबिगर कंपनी उभं करत न्हाई. आता आपल्यात काय बोलायचं!"

काल ज्या 'आपल्यात' बिल लागत नव्हतं, त्याच 'आपल्यात' आज बिलाशिवाय दाद नव्हती. चार लोकांसमोर आवाज चढवायचीही सरांना लाज वाटली. सोयरा पडला ना! ते तसेच परतले.

गुरुवारी सकाळी सत्यशीलाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्या आरोग्य केंद्रात नर्स, नऊला त्यांना निघायचं असायचं. सर दाराशी येऊन उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चहाचं मात्र सांगितलं नाही. ते संस्कृतीने सोमवारीच सांगितलेलं होतं.

"विजयसिंह माझ्याच नात्यातला हाय, म्हणून स्पष्ट बोलते," बाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या. "आपला माणूस म्हंजे कोण वो? ज्यानं फसवलं त्यो आपला, अन् जिनं तासभर बसून खरं सांगितलं ती परकी?"

"अगं, मी जात बघून न्हाई..."

"मग काय बघून? सांगा ना!" बाईंचा आवाज चढला. "तिची अक्कल चालली तुमाला, तिचं दुकान चाललं न्हाई. तिचा कागद खिशात घालून दुसऱ्याच्या दारात गेलतात. तिनं चहा मागवला तर देवाला खोटं पाडलंत! रोज माझ्याकडं कुणीबी येतं. मी सुई टोचते तवा कोण इचारतं का माझी जात, का मी इचारते त्यांची? दुखतंय म्हटल्यावर सगळ्यांना माझा हात चालतो. अन् तुमी तर मास्तर! वर्गात समता शिकवायची अन् बसस्टँडमागं गेलं की इसरायची?"

सरांनी मान वळवली तर मागे संस्कृती उभी होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं! ती बापाची लाज वाटल्यासारखी पाहत होती. पंचवीस वर्षं ज्या तोंडाने धडे दिले, ते तोंड कुठे लपवावं त्यांना कळेना.

दुपारी ते आम्रपालीकडे गेले. दोनची वेळ साधून गेले, तेव्हा दुकानात कुणी नसतं. संस्कृती सोबत होती. आम्रपालीने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, स्क्रूवरचं फाटलेलं सील दाखवलं, कार्ड गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर नव्याने मारलेला काळा रंग नखाने खरवडून दाखवला.

"भट्टीतलं हाय, सर. मेलं. अन् जाता जाता तुमचा वीजपुरवठाही घेऊन गेलं."

"आत्ता तू लिहिलेलं मागवलं तर?"

"रविवारी संध्याकाळी येईल."

सामना रविवारी सकाळी दहाला होता! मग संस्कृतीने फोन काढला आणि तिथेच उभ्या उभ्या संघातल्या मुलीला सांगितलं, "माझ्या जागी दुसरीला घ्या. माझं मशीन न्हाई होत." फोन ठेवून ती बापाकडे न बघता बाहेर जाऊन उभी राहिली.

"आम्रपाली," सर हळू आवाजात म्हणाले, "माझं चुकलं, बाळा. माफ कर."

आम्रपालीने पाना खाली ठेवला. "सर, सोमवारी तुमचा उपास नव्हता, हे मला तवाच कळलं होतं. राग न्हाई आला. सवय हाय. वाईट याचं वाटलं, की नववीत समतेचा धडा मी तुमच्याकडूनच शिकले. मला तो खरा वाटला होता."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, "अन् आज दुकान रिकामं बघून आलात. परळीला गेलतात ते सगळ्यांना दिसलं. माफी तेवढी कुणाला दिसू नये, असं कावून?"

सर खाली मान घालून बाहेर पडले. गुन्हा उजेडात करायचा आणि पश्चात्ताप आडोशाला, हे आपल्या भल्या माणसांचं जुनं तंत्र. त्या पोरीने ते एका वाक्यात उघडं पाडलं!

रविवारी सकाळी दहा वाजता संस्कृती मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर आपल्या मैत्रिणींचा सामना बघत बसली. संघ हरला. थोडक्यात हरला. ती कुणाला काही बोलली नाही. सर शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते आणि त्यातलं एक अक्षरही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मग आला शुक्रवारचा आठवडी बाजार. त्या दिवशी आम्रपालीचं दुकान ओसंडून वाहतं. कुणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा असतो, कुणाच्या मोबाइलची काच फुटलेली असते, कुणाला पोराच्या निकालाची प्रत हवी असते. शिवशंकर सर भर बारा वाजता त्या गर्दीत येऊन उभे राहिले. आत त्यांच्याच शाळेतली दोन पोरं होती, शेजारचे बंकट सावकाश पान चघळत उभे होते, सरांच्या भावकीतलेही दोघे होते. पाय मागे वळायला बघत होते. सरांनी ते वळू दिले नाहीत.

"मला सगळ्यांसमोर एक सांगायचंय," ते मोठ्याने म्हणाले. वर्गात खणखणणारा तो आवाज आज घोगरा झाला होता. "या पोरीनं माझं काम तपासून दिलं, खरा सल्ला दिला. ती कोणत्या वस्तीतली हाय एवढंच बघून मी माल दुसरीकडून घेतला. तिच्या दुकानातला चहा टाळायला उपासाचं खोटं बोललो. माझ्या लेकीचा सामना माझ्या जातीच्या घमेंडीपायी गेला. मी तुमच्या लेकरांना समता शिकवतो अन् मलाच ती येत न्हाई. आम्रपाली, मी तुझा गुन्हेगार हाय!"

बंकटांचं पान चघळायचं थांबलं. भावकीतल्या एकाने तोंड फिरवलं, आणि ते सरांना दिसलं. आम्रपालीच्या हातात कुणाचा तरी उघडलेला मोबाइल होता. तिने सरांकडे नीट पाहिलं. ती हसली नाही, रडलीही नाही.

"ऐकलं, सर," ती म्हणाली. "आता काम बोला."

"तू लिहून दिलेलं कार्ड मागवायचंय. अन् नवा वीजपुरवठा."

"मागवते. लायनीत थांबा. तुमच्या आधी आठ जण हायत."

सर्वांत पुढचा एक म्हातारा शेतकरी लगबगीने बाजूला झाला. "सर, तुमी व्हा की पुढं. मास्तरला कुठं उभं करता!"

"नको, मामा," सर म्हणाले. "मी माझ्या नंबरावरच येतो." आणि ते सगळ्यात मागे, उन्हात, जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या शेजारी कुणीतरी येऊन थांबलं. संस्कृती होती. आठ दिवसांनी ती पहिल्यांदा बापाजवळ उभी राहिली होती.

वाचकहो, आपण जात भाषणातून काढली, निमंत्रणपत्रिकेतून काढली, कुणी विचारलं तर 'आम्ही नाही मानत' असंही म्हणू लागलो. पण दुकान निवडताना, डॉक्टर निवडताना, भाड्याने खोली देताना आपले पाय कोणत्या गल्लीत वळतात, ते एकदा तपासून पाहा! नुसता आपल्यातला आहे म्हणून कुणी आपला होत नाही. खरं बोलतो आणि चोख काम करतो तो आपला. आणि चूक कळल्यावर नुसतं घरात बसून खजील होणं पुरत नाही. ज्याचा अपमान चारचौघांत केला, त्याची माफीही चारचौघांतच मागावी लागते.