मूठभर कोंडा

“सदर नावाचा जवान आमच्या नोंदीत आढळत नाही,” आनंदराव सुभेदारांनी कागद मोठ्यानं वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. “मंगलताई, पुन्हा तेच उत्तर.”

मंगलनं कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काहीतरी बरं लिहिलं असेल. नव्हतं. गेनू बाबू रसाळ, राहणार गुंजवणे. हे तिच्या बापाचं नाव, आणि या नावाचा माणूस पलटणीत कधी नव्हताच, असं पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस सांगत होतं.

भोरच्या एसटी स्टँडमागं माजी सैनिकांची एक खोली आहे. आनंदराव तिथं रोज सकाळी येऊन बसत आणि म्हाताऱ्या फौजींचे, त्यांच्या बायकांचे अर्ज लिहून देत. पैसा घेत नसत, चहा मात्र दोनदा घेत. मंगलची किकवीला भातगिरणी. गुरुवारी लाईट नसते, म्हणून गुरुवार तिचा भोरचा वार. तांदळाच्या कोंड्यानं तिच्या भुवया बाराही महिने पांढऱ्या. नवरा, कुमार, चेष्टेनं म्हणायचा, “तू माझ्या आधी म्हातारी झालीस.” दिवाळीपासून नव्या भाताची पोती गिरणीच्या दारात थप्पीला लागलेली असताना ही बाई दर गुरुवारी एसटी धरून भोरला पळते कशाला, हे गिऱ्हाइकांना कळत नव्हतं.

कारण असं होतं. गुंजवण्यात शाळेपुढं गावच्या फौजींच्या नावांचा दगड बसणार होता, येत्या सव्वीस जानेवारीला. ज्याचा कागद मिळेल त्याचं नाव कोरायचं, असं ग्रामसेवकानं सांगितलं, आणि त्यात त्याचंही काही चुकलं नव्हतं. गेनूनानांचा कागद नव्हता. जुनं घर सोडताना त्यांची ट्रंक उघडली तेव्हा आत वाळवीनं केलेली माती तेवढी निघाली. पेन्शनीला लागतात तेवढी वर्षं भरायच्या आधीच ते घरी परतले होते, त्यामुळं कुठल्या ऑफिसात त्यांचं नाव फिरत नव्हतं. मागं राहिला वर्दीतला एक फोटो. त्यावरून गावानं कमी मजा केली नाही. भोरच्या स्टुडिओत वर्दी भाड्यानं मिळायची म्हणे! नाना हयात होते तोवर हसून सोडून द्यायचे. ते गेले, आणि ते हसणं त्यांच्या बायकोच्या, रत्नाबाईच्या वाट्याला आलं. तिला ते काही हसून सोडता आलं नाही.

म्हातारी आता लेकीजवळ किकवीला राहत होती. छातीचं दुखणं बळावलं होतं. देवाकडं दुसरं काही मागत नव्हती. “त्या दगडावर त्यांचं नाव बघू दे. म्या गेल्यावर मग दगड काय अन् धोंडा काय!”

“सुभेदारसाहेब, आता काय करायचं?” मंगलनं विचारलं.

आनंदरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “नंबर असता तर प्रश्नच नव्हता. फौजेत माणूस नंबरानं सापडतो. बरं, मला एक सांगा. नाना घरी पैसे पाठवायचे ना? मनिऑर्डर कुठं यायची?”

“गुंजवण्यालाच की.”

“तुमी बघितली?”

मंगल कुठून बघणार? तिचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

“आईला विचारा,” आनंदराव म्हणाले. “फौजी माणूस काय बी विसरंल, पण मनिऑर्डरीचा पत्ता न्हाई विसरायचा.”

रत्नाबाई ओट्यावर उन्हाला बसून तांदूळ निवडत होती. मंगलनं चप्पल काढता काढताच विचारलं.

“मनिऑर्डर व्हय? ती इंझरला यायची.” म्हातारीच्या तोंडी विंझरचं कायम इंझर व्हायचं.

“विंझरला? आपलं कोण हाय तिथं?”

“साळूबाई. चोरघ्यांची. आमच्या आत्याबाईंची, म्हंजी तुझ्या आजीची, मैतरीण, दोगी एकाच गावच्या लेकी. साळूबाई पैसं घिऊन चालत यायची, दर म्हयन्याला. पावसाळ्यात सुदीक. कमरंला पैसं, डोक्यावर इरलं.”

“मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?”

“तू कवा इचारलंस?” म्हातारीनं एक खडा टिपून अंगणात भिरकावला. मग आवाज उतरवून म्हणाली, “आन् ते बोलायचं नसतं, बाय. तुझ्या बापाला सुपात घातलं व्हतं.”

हे मात्र मंगलला माहीत होतं, म्हणजे अशी रीत असते हे माहीत होतं. ज्या घरात पोरं जगत नाहीत, त्या घरात नवं पोर जन्मलं की त्याला सुपात घालायचं आणि जिची पोरं जगलीत अशा बाईला ‘विकायचं’. मोल काय, तर मूठभर कोंडा. पोर वाढतं आईच्याच पदराखाली, पण म्हणायचं दुसऱ्याचं. पुढं पोर मोठं झालं, धोका टळला, की तेवढाच कोंडा देऊन त्याला परत घ्यायचं. तोवर त्या सौद्याबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. गेनूच्या आधीची तीन पोरं आजीच्या मांडीवर गेली होती. चौथ्याला साळूबाईनं मूठभर कोंडा देऊन घेतलं.

“मग परत कवा घेतलं?”

“कुठलं घेतंय! आत्याबाई आजारी पडल्या म्हून तर ह्ये पलटण सोडून आलं. आलं त्याच आठवड्यात त्या गेल्या. फुडल्या साली साळूबाई गेली. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.”

मंगल उन्हात तशीच उभी राहिली. जन्मभर तिनं कोंड्याची पोती भरली, म्हशींसाठी विकली, भुवयांवर वागवली, आणि आपला बाप तेवढ्याच मोलाला कुणाच्या तरी घरी गहाण पडलाय, याचा तिला पत्ता नव्हता.

पुढच्या गुरुवारी ती भोरला गेली नाही, विंझरला गेली. चोरघ्यांचं घर रस्त्यालगतच होतं, पुढं किराणा दुकान, मागं गोठा. साळूबाईचा धाकटा मुलगा सर्जेराव दुकानात बसला होता. सत्तरीचा, बारीक अंगाचा, कानात बाळी. मंगलनं बापाचं नाव सांगितलं आणि तो गल्ल्यावरून उठलाच.

“गेनूदादाची लेक? अगं वनिता, भायेर ये! गेनूदादाची लेक आलीया!”

त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली, मंगलला आत नेलं, पाणी दिलं. इतकी वर्षं या घराला आपण ओळखही दिली नाही, याची मंगलला लाज वाटली. पण इथं कुणाच्या मनात तसं काही नव्हतं. भेट कालच झाली होती, अशा थाटात दोघं बोलत होती.

“काका, नानांचा पलटणीचा कागद सापडंना. त्या नावाचा माणूसच न्हाई म्हनत्यात.”

“कुठल्या नावाचा?”

“गेनू बाबू रसाळ.”

सर्जेराव हसला. दात थोडेच होते, पण हसणं घरभर झालं. “कसा सापडंल? त्यो पलटणीत गेला चोरघे म्हून! गेनू मानसिंग चोरघे, रानार विंझर. मानसिंग म्हंजी माझा बाप.”

मंगलनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

“चीनची लढाई झाली तवाची गोष्ट. भोरला भरती लागली,” सर्जेराव सांगू लागला. “तुझी आजी रातोरात हितं आली. माझ्या आईचं पाय धरलं. म्हनली, मरणानं रसाळांचं दार बगून ठिवलंय, तीन नेली. लढाईत त्ये रसाळाचं पोर हुडकंल. माझ्या पोराला तुमचं नाव द्या. चोरघ्यांच्या नावावर मरणाचा काय दावा न्हाई. आईनं बापाला सांगितलं, बापानं पाटलाकडनं दाखला आणला. झालं! गेनूदादा आमचा झाला.”

“आन् तुमी दिलंत नाव?”

“द्यायचं काय त्यात? घेतलेलाच व्हता की त्यो, कोंडा दिऊन.”

एका आईनं भीतीपोटी हात पसरले आणि दुसरीनं आपल्या नवऱ्याचं नाव, घराचा उंबरा, सगळं काढून दिलं. वर पोराच्या कमाईचा पैसा कमरेला बांधून दर महिन्याला चिखल तुडवला, आणि कुणाला सांगितलं नाही. या बाईचा साधा फोटोही मंगलनं कधी पाहिला नव्हता. तिनं विचारलं तेव्हा वनितानं मान हलवली. फोटो काढलाच नव्हता.

“नाव मिळालं, काका. पन सुभेदार म्हनत्यात, नंबर पायजे. नंबर तर जळला-बुडला आसंल आता.”

“नंबर कसा जळंल?” सर्जेराव म्हणाला आणि भिंतीला टेकून, डोळे मिटून, चक्क गाऊ लागला. आवाज चिरका, पण चाल जात्यावरची, संथ.

“दोन सात पाच गं, माझा गेनू डोंगरात,
चार शून्य नऊ दोन, दिवा लाव देवळात.”

गाणं थांबलं तरी मंगल ऐकतच होती.

“आईला लिवता-वाचता यायचं न्हाई,” सर्जेरावनं डोळे उघडले. “पत्र लिवून घ्यायला मास्तरकडं गेली की मास्तर पयला नंबर इचारायचा. नंबराचा कागूद एकदा उंदरानं नेला. तवा आईनं मास्तरकडनं नंबर वदवून घेतला आन् ओवीत घातला. रोज पाटं दळताना म्हनायची. आमी तिच्या मांडीवर डोकं ठिवून झोपायचो. माझ्या पोरांची नावं इसरतो म्या, ह्ये न्हाई इसरत.”

मंगलनं वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो मागं सरकला, “आरं, आरं, लेकीनं पाया पडायचं नसतं,” म्हणाला. पण तो नमस्कार त्याच्यासाठी नव्हताच, आणि त्यालाही ते कळलं असावं.

आनंदरावांनी नव्यानं अर्ज लिहिला. या वेळी संक्रांतीच्या आतच उत्तर आलं. शिपाई गेनू मानसिंग चोरघे, राहणार विंझर, वर्तन उत्तम. कागदाखाली शिक्का होता. आनंदरावांनी उभं राहून तो मंगलच्या हातात दिला. एरवी ते कुणासाठी उठत नसत. मंगलनं नव्या तांदळाची पिशवी पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. “आज तिसरा चहा पाजा, म्हंजे फिटलं,” म्हणाले. चोरघ्यांकडून आणि पोलीस पाटलांकडून ‘हा तोच माणूस’ अशा दोन ओळी लिहून आणल्यावर ग्रामसेवकही राजी झाला. नाव कागदाप्रमाणे कोरायचं, शेजारी ‘रसाळ’ घालायचं.

आता हरकत घेतली ती रत्नाबाईनं.

“आसं न्हाई चालायचं,” ती ठामपणे म्हणाली. “दुसऱ्याचा माणूस आपल्या गावच्या दगडावर कसा घालायचा? आदी त्यास्नी परत आणू.”

“आई, नाना जाऊन किती वर्सं झाली!”

“म्हून काय झालं? आपलं देनं ऱ्हायलंय. ज्या घरानं त्यास्नी जगवलं, त्या घराचा कोंडा आजून आपल्याकडं हाय.”

मंगलनं गिरणीच्या चाळणीखालून कोंडा काढला, ताजा, पिवळसर, अजून उबदार. मूठभर कोंडा पुडीत बांधला, आणि सोबत पाच शेर इंद्रायणी तांदूळ. रत्नाबाईनं नवं सूप घेतलं, शेणामातीनं सारवून वाळवलं, आणि भिंतीवरचा वर्दीतला फोटो काढून पदरानं पुसला. मायलेकी विंझरला पोचल्या तेव्हा वनितानं अंगण सारवून ठेवलं होतं. दारात लहानशी रांगोळी.

रत्नाबाईनं कोंड्याची पुडी सर्जेरावाच्या ओंजळीत ठेवली. “भावजी, तुमच्या आईनं दिला व्हता. लई वर्सं झाली. रागावू नगा.”

सर्जेरावनं कोंडा घेतला आणि तांदळाकडं बोट केलं. “आन् ह्ये काय, वैनी? सौदा नुसत्या कोंड्याचा व्हता.”

“सौद्याचं न्हाई ते. माजं हाय,” रत्नाबाई म्हणाली. “माझा संसार तुमच्या आईनं दिला मला. ती नसती तर कुंकू कुणाच्या नावाचं लावलं असतं म्या?”

सर्जेरावनं उपरण्यानं डोळे पुसले आणि बायकोला खूण केली. वनितानं सुपात धुतलेलं धोतर घडी करून अंथरलं. त्यावर फोटो ठेवला. मग दोन्ही बाजूंनी धरून सूप हलवलं, एकदा इकडं, एकदा तिकडं, तान्ह्याला हलवतात तसं, आणि रत्नाबाईच्या हातांत दिलं.

“घ्या वैनी. तुमचं तुमाला. आमी नीट सांबाळलं.”

“लई नीट सांबाळलं,” रत्नाबाई म्हणाली. मग उंबऱ्याला कपाळ टेकून ती उठली.

परतीच्या एसटीत गर्दी होती. कुणीतरी म्हातारीला खिडकीची जागा दिली. ती मांडीवर सूप घेऊन बसली. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

“आजी, सूप वर ठिवा की. दुसऱ्यास्नी बसायला हुईल.”

“न्हाई रं बाबा. माणूस हाय त्यात.”

कंडक्टरनं वाकून पाहिलं. वर्दीतला, ताठ मानेचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा सुपातून त्याच्याकडं पाहत होता.

“मग ह्यांचं तिकीट?” त्यानं हळूच विचारलं.

“मिलिटरीवाला हाय त्यो,” रत्नाबाई म्हणाली. “सुट्टीवर घरी निगालाय.”

कंडक्टर हसला आणि पुढं सरकला. एसटीनं वळण घेतलं, खिडकीतून रस्त्याची धूळ आत आली, तसा रत्नाबाईनं पदर ओढून सुपावर धरला.