समोरची काच

"काका, अख्खं ब्लेडच घ्या ना. बसवलं की झालं, कटकट नाही," दुकानदार चकचकीत खोकी काउंटरवर मांडत म्हणाला.

"सांगाडा ठणठणीत आहे. रबर तेवढं गेलंय," हे म्हणाले.

"कोणाचं? तुमचं की गाडीचं?" मी मागून विचारलं. दुकानदार खो खो हसला. यांनी लक्षही दिलं नाही. खिशातून रुमाल काढला, त्यात गुंडाळून आणलेलं वायपरचं जुनं रबर नव्या रबराशेजारी ठेवलं आणि दोन्हींच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग बाजूच्या खाचा, मग काचेला टेकणारी नाजूक कड. मी माझ्या लग्नाच्या साड्यासुद्धा इतक्या निरखून घेतल्या नव्हत्या.

"हे रुंद आहे, पकडीत शिरणार नाही. अरुंद पाठीचं दाखवा. आणि उन्हात पडलेलं नको, ताजं द्या."

"ताजं द्यायला भाजी आहे का, काका?"

"नातीला घरी आणायचंय उद्या!" हे असे काही ओरडले की शेजारी ऑइल घ्यायला आलेला माणूससुद्धा "अरे वा!" म्हणाला. दुकानदाराने मुकाट्याने आतला डबा उघडला.

आमच्या दोघांच्याही अंगात वारं शिरलं होतं, खोटं कशाला सांगू! त्याच आठवड्यात लेक बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, डोकंभर केसांची, आणि रडायला लागली की सगळा मजला जागा करणारी. उद्या सकाळी दोघींना घरी सोडणार होते, आणि पाऊस तर थांबायचं नावच घेत नव्हता.

यांनी जन्मभर कारखान्याची गाडी चालवली. साहेबांना आणलं, साहेबांच्या पाहुण्यांना आणलं, साहेबांची नातवंडंसुद्धा दवाखान्यातून घरी आणली. निवृत्तीनंतर ही जुनी छोटी गाडी घेतली, तेव्हा म्हणाले होते, "आता आपल्या माणसांना आणू." लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी यांनी जाहीर करून टाकलं, बाळाला मीच आणणार. जावईबापूंना गाडी येत नाही, ते मागे बसायला एका पायावर तयार. मला येते, यांनीच शिकवली. पण शेजारी बसले की दर वळणाला एक सूचना! त्यामुळे माझी धाव बाजारापर्यंतच.

आणि नेमकी गेले काही दिवस काच पुसट दिसत होती. समोरून दिवे आले की काचभर पसरतात, म्हणत होते. रबर कडक झालंय, कडेला फाटलंय. फाटलं होतंच, मी स्वतः पाहिलं.

घरी आल्यावर जेवणाचीही शुद्ध नव्हती यांना. पोर्चमध्ये गाडी, काचेवर जुना टॉवेल, कारण वायपरची दांडी निसटून आपटली तर काच तडकते. जुनं रबर सांगाड्यातून ओढून काढलं, त्यातल्या दोन पातळ लोखंडी पट्ट्या नव्या रबराच्या खाचांत सरकवल्या आणि शीळ घालत सगळं बसवलं. मी बादलीतलं पाणी काचेवर ओतलं. हे आत बसून वायपर सुरू करतात तो काय, तडतड तडतड!

"अहो, पट्ट्या उलट्या घातल्यात. वाक बाहेर आलाय बघा."

ते उतरले, वाकून पाहिलं, मग बोटाने चाचपलं. "खरंच की गं. मला कसं दिसलं नाही?"

"आनंदात कुठे दिसतंय माणसाला!" मी म्हटलं, आणि तेव्हा मला ते खरंच वाटलं.

पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा बादली. या वेळी रबर हूं की चूं न करता काचेवरून फिरलं. मी टाळ्याच पिटल्या. हे मात्र आतून म्हणाले, "अजून पुसट राहतंय. दुकानदाराने फसवलं आपल्याला. तू बस बघू इथे."

मी त्यांच्या जागी बसले, त्यांनी बाहेरून पाणी ओतलं. वायपर एकदा गेला आणि आला. काच आहे की नाही असं वाटावं इतकं लख्ख! समोरच्या दोरीवरचे चिमटे दिसत होते, फाटकाची गंजलेली कडी दिसत होती.

"राहतंय ना पुसट?" त्यांनी विचारलं. बादली हातातच होती.

क्षणभर वाटलं, हो म्हणून मोकळं व्हावं. एवढा हौसेने नाचणारा माणूस! पण उद्या मागच्या सीटवर ते इवलंसं पोर असणार होतं.

"नाही हो," मी म्हटलं. "स्वच्छ आहे."

त्यांनी बादली खाली ठेवली. एक डोळा हाताने झाकून फाटकाकडे पाहिलं, मग दुसरा झाकून.

"म्हणजे काच नाही," ते म्हणाले.

"डोळ्यांतही नवं घालून देतात हल्ली. जाऊ आपण."

"मापाचं मिळालं म्हणजे झालं," ते म्हणाले आणि टॉवेलची घडी घालत बसले. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, मिळालं का रबर?"

"मिळालं! झक्कास बसलंय. तू फक्त पोरीला नीट गुंडाळून तयार ठेव!" आवाजात तसूभर फरक नव्हता.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट बसवून ते माझ्याआधी फाटकाशी उभे. मी छत्री मिटली, तर त्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली आणि स्वतः डावीकडचं दार उघडून बसले.

दवाखान्यातून निघालो तेव्हा पाऊस जोरात होता. मागे लेक, जावई, आणि दुपट्यातून दिसणारं ते काळंभोर जावळ. मला हसू फुटत होतं. मी वायपरची कांडी शोधायला लागले, तर यांनी हात पुढे केला. कांडी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूलाच होती, त्यांच्या हाताशी.

"गाडी तू चालव," ते म्हणाले. "वायपर माझ्याकडे."

सबंध रस्त्यात त्यांनी मला एकही सूचना केली नाही. टपावर पावसाचा आवाज वाढला की वायपर जोरात करायचे, कमी झाला की हळू.

"दिसतंय ना?" अधूनमधून विचारायचे.

"दिसतंय," मी म्हणायचे.