नाव घातलेले डबे

ऋताचं म्हणणं एकच होतं, की आपल्याला बैहरला जायचं नाही. आणि बाकी सगळं घर तिला बैहरला धाडायच्या मागे लागलं होतं. तिथल्या शाळेत संविदा, म्हणजे कंत्राटी शिक्षिकेची जागा मिळाली होती आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे आठवडाभर तिकडे खोली करून राहायचं, शनिवारी घाटातून बसचे धक्के खात बालाघाटला यायचं, आणि चार वर्षांची श्रिया इकडे आजीजवळ.

मग घरी बसून करायचं काय? तर तांदूळ विकायचा! माहेर वारासिवनीकडचं, वडिलांच्या शेतातला चिन्नोर तांदूळ शिजला की चार घरांत वास जायचा. आणि ऋताबाईंनी लग्नाआधी पीजीडीसीए हा कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, तेव्हा विकायचा तोही ईमेलवरून. हसू नका. त्या वर्षांत बालाघाटात ईमेल असणं ही मिरवायची गोष्ट होती. नवरा संकेत म्हणाला, "दसऱ्यापर्यंत करून पाहा. गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाही तर सोमवारची बस."

गणपतीत तिनं मंडळाच्या मांडवात टेबल टाकलं. ईमेलचा पत्ता द्या आणि अर्धा किलो चिन्नोर फुकट न्या! प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून देणार होती, पण सासूबाई, अलकनंदाबाई, कडाडल्या. "पन्नीत देशीन? लोक काय म्हणतीन आपल्याले?" त्या स्वतः दुलीचंदच्या भांड्यांच्या दुकानात गेल्या, स्टीलचे छोटे डबे घेऊन आल्या, आणि प्रत्येकावर मशीननं 'सौ. अलकनंदा' असं नाव घालून आणलं. ऋताला वाटलं, चला, जाहिरात झाली.

फुकट म्हटल्यावर काय विचारता! ज्यांना ईमेल नव्हता ते सायबर कॅफेत जाऊन काढून आले. टेबल दोन दिवसांत रिकामं झालं. ऋता इतकी खूश, की रात्री श्रियाला कुशीत घेऊन म्हणाली, "कुठं नाही जात तुझी आई."

मग सुरू झाले शुक्रवारचे मेल. इंटरनेट लावलं की घरचा फोन बंद पडायचा आणि सासूबाई कपाळाला आठ्या घालून बसायच्या. पण ऋता नेटानं लिहायची. कधी मसालेभाताची कृती, कधी नवा तांदूळ चिकट का होतो त्याचं उत्तर. फुकट नेलेली वस्तू माणूस विसरतो, त्याला तिची आठवण देत राहा, असं तिनं कुठल्याशा इंग्रजी लेखात वाचलं होतं. म्हणून मेलच्या शेवटी न चुकता एक ओळ असायची : आमचा डबा आठवतो ना?

उत्तर एकाचंही नाही.

बरं, उत्तर नाही तर नाही, पण लोक असं का वागू लागले? बँकेतले हिरालालबाबू तिला समोरून येताना पाहून स्कूटर वळवून गल्लीत घुसले. तुळसाबाई भाजीबाजारात दिसल्या, तर हातातली वांगी तशीच टाकून म्हणाल्या, "हौ हौ, ध्यानात आहे बाई, विसरली नाही मी," आणि निघूनच गेल्या. विसरली नाही? मग तांदूळ काहून मागवत नाही? ऋताचं डोकं चालेना. तांदूळ खराब निघाला का? तिनं घरच्या पोत्यातला पुन्हा शिजवून पाहिला. छान होता. आपल्याबद्दल कोणी काही बोललं का? संकेतला विचारलं तर तो म्हणे, "तू फार विचार करतेस." सासऱ्यांना, गुणाकररावांना विचारलं. ते सिंचन विभागातून रिटायर झालेले; म्हणाले, "उत्तर येत नसलं तर स्मरणपत्र द्यावं." तिनं लगेच दिलं. त्या शुक्रवारच्या मेलला विषयच घातला : डबा विसरलात का?

त्यानंतर शेजारच्या बाईंनी गच्चीवर येणंसुद्धा बंद केलं.

दसरा झाला. लोक सोनं द्यायला आले, पण ऋताला पाहिलं की नजर चोरायचे आणि चहा न घेताच पळायचे. शनिवारी सकाळी सासूबाईंनी माळ्यावरून तिची पेटी काढून पुसायला घेतली. ऋताला रडू येत होतं आणि रागही. पण रागवायचं कोणावर तेच कळत नव्हतं.

एवढ्यात दार वाजलं. दारात रिटायर हेडमास्तर घनश्याम सर. हातात कापडी पिशवी, चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा.

"बेटा, माफ कर," सर आत न येताच म्हणाले. "किती मेल आले तुझे. बायकोची तब्येत ठीक नव्हती, काही बनवणं झालं नाही. रिकामा कसा परत करावा?" त्यांनी पिशवीतून डबा काढला. त्यात रव्याचे लाडू गच्च भरलेले. "आता नको करू स्मरण. फार लाज वाटते."

ऋता बघतच राहिली. "सर, पण डबा तुमचाच होता. फुकट दिला होता आम्ही."

"फुकट तांदूळ होता, बेटा. डब्यावर तर वहिनींचं नाव आहे ना!"

हात्तिच्या! नाव घातलेलं भांडं कधी कोणाला दिलेलं असतं का? ते मागून नेलेलं असतं. ते परत करायचं असतं, तेही भरून. आणि ही शहाणी दर शुक्रवारी गावभर तगादा लावत बसली होती!

"मग मेल वाचत होते तुम्ही?"

"हौ तर! मोठ्यानं वाचतो, घरच्या सगळ्याईले. डब्याची ओळ आली की बायको उठून आत जाते." सर जरा घुटमळले. "आता पाच किलो देशीन काय? विकत. कधीचं मागायचं होतं, पण डबा घरात ठेवून कोणत्या तोंडानं मागू?"

ऋतानं त्यांना तांदूळ दिला आणि धावत जाऊन मेल लिहिला : डबा तुमचाच आहे, कृपया परत करू नका. केवढं हायसं वाटलं तिला! पण आपली माणसं ती. 'परत करू नका' हे घरंदाज लोक म्हणतातच. त्याचा अर्थ, आता तरी आणा. दुपारपासून रीघ लागली. तुळसाबाई चिवडा घेऊन आल्या, हिरालालबाबूंनी करंज्या आणल्या, कोणी वाळक्या बोरांचं बोरकूट आणलं. ऋता प्रत्येकाला सांगायची, अहो ठेवा तुमच्याकडेच, आणि प्रत्येक जण कानावर हात ठेवायचा. डबा सुटला की मात्र माणूस सैल व्हायचा, चहा घ्यायचा, आणि उठता उठता म्हणायचा, तेवढा तांदूळ सांगून ठेवा. कृतीचे मेल कोणाला आवडले की नाही, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी संकेत घरी आला. ओसरीभर डबे, मध्ये उघडं पोतं, सासूबाई तराजू धरून बसलेल्या. तो गोंधळून म्हणाला, "आणि सोमवारची बस?"



"कायची बस?" अलकनंदाबाई मान वर न करता म्हणाल्या. "ते नाही जाऊन राह्यली कुठं. एवढे लोक येऊन राह्यले, मी एकटी कोणाकोणाले पाहू?"

ऋता पोत्याशेजारी बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"आता काहून रडतेस वं?" सासूबाई म्हणाल्या. "श्रिया पाहून राह्यली. पूस डोळे."