ट्रेलर माझा, बोट त्याची

आमच्या सासऱ्यांना दोन मुली आणि दोन जावई. थोरला जावई कप्तान. त्याने आयुष्यात कधी गणवेश घातला नाही, तो नळाच्या तोट्यांचा घाऊक व्यापार करायचा. पण त्याच्याकडे बोट होती, आणि ज्याच्याकडे बोट असते त्याला लोक कप्तान म्हणतात. धाकटा जावई मी. माझ्याकडे ट्रेलर होता. ट्रेलरवाल्याला लोक काहीच म्हणत नाहीत.

ही वाटणी आम्ही दोघे साडू तरुण असतानाच झाली. त्याच्या घरामागे बोट ठेवण्याइतकं अंगण होतं, माझ्या गाडीला मागे हुक होता. बोट त्याची, ट्रेलर माझा. माझ्याशिवाय त्याची बोट म्हणजे अंगणातली मोठी परात, आणि त्याच्याशिवाय माझा ट्रेलर म्हणजे चाकं लावलेली शिडी. एकमेकांवाचून अडण्याची इतकी पक्की सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही. लग्नातसुद्धा नसते.

दर रविवारी मी ट्रेलर घेऊन त्याच्या दारात जायचो. बोट चढवायची, धक्क्याच्या उतारावरून पाण्यात सोडायची, दिवसभर गळ टाकून बसायचं, आणि उजेड आहे तोवर बोट परत ट्रेलरवर चढवायची. मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालो तेव्हा लोकांनी विचारलं, आता वेळ कसा घालवणार? मला प्रश्नच कळला नाही. रविवारी पाण्यावर जायचं आणि सोमवार ते शनिवार त्याची तयारी करायची. एवढ्यावर माणूस सहज शंभरी गाठेल, असा माझा हिशेब होता.

मग कप्तानाने नवी बोट घ्यायचं ठरवलं.

त्याने मला माहितीपत्रक आणून दाखवलं. बोट देखणी होती. लांब, पांढरी, मागे दणकट मोटर, पुढे डोकं टेकायला गादी. तो म्हणाला, तुझ्या ट्रेलरला झेपते का तेवढं बघ. हे त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की मला भरून आलं. मी आख्खी नोकरी दुकानदारांच्या तराजूंच्या पारड्याखाली डोकं घालून काढलेली, आणि निवृत्तीनंतर कोणी तरी मला पुन्हा वजन विचारत होतं.

मी कामाला लागलो. ट्रेलरच्या पट्टीवर जो आकडा ठोकलेला असतो, तो ट्रेलर धरून असतो. लोक इथेच फसतात. त्यातून ट्रेलरचं स्वतःचं वजन वजा केलं की उरेल तेवढंच त्याला खरं झेपतं. माझ्या ट्रेलरला झेपणारं वजन निघालं साडेसातशे किलो. माहितीपत्रकात बोटीचं वजन सहाशेवीस. कोणीही म्हणेल, झालं की काम. पण माहितीपत्रकातलं वजन म्हणजे माणूस स्वतःचं वजन सांगतो तसं असतं, उपाशीपोटी आणि जोडे काढून. त्यात मोटर नसते, पेट्रोल नसतं, बॅटरी नसते, नांगर नसतो. ते सगळं धरल्यावर बोट साडेसातशेच्या पुढे गेली.

मी कप्तानाला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. "नाही ना बसत?" तो म्हणाला. "मग राहू दे. तुझा नाइलाज आहे."

ते उतरलेलं तोंड मला बघवेना. मी म्हटलं, थांब, काहीतरी काढू.

बर्फाची पेटी घरी ठेवायची, पेट्रोल धक्क्यावर पोचल्यावर भरायचं, लाकडी फळ्यांऐवजी पातळ चटई टाकायची. आमच्या न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर मी जीवरक्षक जाकिटांपासून दोरापर्यंत सगळं तोललं. बायको म्हणाली, त्या काट्यावर पुन्हा उभं राहायची मला लाज वाटेल. बोट कशीबशी मापात बसली. मी धावत कप्तानाकडे गेलो. तो म्हणाला, वा. आणि मग म्हणाला की त्याने दुसरी बॅटरीही सांगितली आहे.

मी दुसरी बॅटरी बसवली. म्हणजे हिशेबात. तेव्हा त्याने वर छप्पर घ्यायचं ठरवलं. छपरासाठी मी ट्रेलरचं जुनं सुटं चाक काढलं, तर त्याने पिण्याच्या पाण्याची टाकी सांगितली. टाकी रिकामीच न्यायची असं मी सुचवलं, तर तो म्हणाला मोटर एक आकडा मोठी घेतोय. मला वाटलं, उतारवयात माणूस लहान होतो, नवं खेळणं दिसलं की त्याला सगळंच हवं असतं. मी त्याला रागावलोही नाही. दर वेळी तो तेच म्हणायचा, "बघ बाबा. नाही बसत तर स्पष्ट सांग." आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. ही माझ्या शब्दाची किंमत आहे असं मी समजायचो.

शेवटी मी ट्रेलरच बदलायचं ठरवलं. नवा घ्यायचा नाही, आहे तोच मजबूत करायचा. ट्रेलरची ताकद त्याच्या सगळ्यात अशक्त भागाएवढी असते. नुसते टायर बदलून चालत नाही, मग एक्सल रडतो. एक्सल बदलला की स्प्रिंगचे पाटे रडतात. पाटे बदलले की सांगाडा. गावाबाहेर एक वेल्डरबाई होती, तिच्याकडे मी ट्रेलर नेऊन टाकला. ती म्हणाली, काका, यापेक्षा नवा घ्या ना. मी म्हटलं, हा आमच्या घरातला आहे. तिने चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे पाहिलं आणि मग जाड एक्सल घातला, पाट्यांना दोन पानं वाढवली, सांगाड्याला आडवी पट्टी मारली. मी गाडीचा हुकही बदलून घेतला. नव्या वजनासाठी ट्रेलर तपासून पास करून घेतला, नवी पट्टी ठोकून घेतली. आता त्याच्यावर ती बोट तर बसलीच असती, वर एखादा मध्यम आकाराचा कप्तानही बसला असता.

हे त्याला फोनवर कळवलं तेव्हा त्याने ते मला दोनदा सांगायला लावलं. मग तो म्हणाला, "तू खरंच एक्सल बदललास?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "कमाल आहे तुझी."

नवी बोट ती विकणाऱ्या बोटवाल्याच्या आवारात आली होती. शुक्रवारपर्यंत तिकडे जाऊ नकोस, काम चालू आहे, असं कप्तानाने बजावलं होतं. मी गुरुवारीच ट्रेलर जोडून गेलो. नुसतं माप घ्यायला. बोट ट्रेलरवर किती पुढे बसते यावर सगळं असतं. वजनाचा साधारण दहावा भाग पुढे हुकावर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवत चालतो, जास्त आला तर गाडी तोंड वर करते.

बोट ठोकळ्यांवर उभी होती. बोटवाला लांबूनच ओरडला की हात लावू नका, खालचा रंग ओला आहे.

मी वाकून पाहिलं. बोटीचं पोट पांढरं राहिलं नव्हतं. पाण्याच्या रेषेपर्यंत विटकरी रंगाचे जाड थर दिले होते. पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती रंगाचं वजन. मी तोंडातल्या तोंडात आकडेमोडही सुरू केली. आणि मग तोंड बंद झालं.

हा रंग शेवाळ आणि शिंपल्या धरू नयेत म्हणून असतो. तो दिवसरात्र पाण्यात राहणाऱ्या बोटीला लावतात. जी बोट संध्याकाळी ट्रेलरवर चढून घरी जाते, तिला शेवाळ धरायला सवड कुठली? आमच्या जुन्या बोटीला इतक्या वर्षांत असा रंग लावावा लागला नव्हता.

बोटवाल्याला मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. धक्क्यावर एका दातांच्या डॉक्टरांची बोट बांधायची जागा आहे, बोट तिथेच राहणार. डॉक्टर आणि कप्तान दोघं भागीदार. मग माझ्या मागच्या ट्रेलरकडे बघून म्हणाला, "मजबूत आहे. कुठल्या बोटीसाठी?"

कप्तान तेवढ्यात आला. हातात जाड कागदाची पिशवी, त्यात नवी पांढरी टोपी. मला पाहून त्याने ती पिशवी पाठीमागे धरली, जणू सगळं लपवायचं होतं ते तिच्यातच होतं.

आम्ही आवाराच्या कडेला ट्रेलरच्याच दांड्यावर बसलो. दुसरीकडे बसायला जागा नव्हती. मी म्हटलं, बोट ट्रेलरवर बसावी असं तुला वाटतच नव्हतं. तो ट्रेलरच्या नव्या एक्सलकडे बघत राहिला. मग त्याने पिशवीतून टोपी काढली, घातली नाही, गुडघ्यावर ठेवली.

"मला वाटलं होतं तूच सांगशील, नाही बसत म्हणून," तो म्हणाला. "माझं तू कधी ऐकलं नाहीस. पण आकड्याचं ऐकतोस. आकडा नाही म्हणाला की तू गप्प होतोस. मी किती सामान वाढवलं, तुला तरी शंका यायला हवी होती."

म्हणजे चूक माझीच होती. मी ती कबूल केली नाही.

"पण का?" मी विचारलं.

"बोट माझी," तो म्हणाला. "पण निघायचं कधी, ते तुझा ट्रेलर सांगणार. परतायचं कधी, ते तुझा ट्रेलर सांगणार. वारा पडलेला असतो, मासे लागायला लागलेले असतात, आकाश असं लाल झालेलं असतं, आणि तू म्हणतोस, चला, उजेड आहे तोवर चढवू. मी पाण्यावर संध्याकाळ पाहिलेली नाही रे. एवढी वर्षं बोट असून."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू ट्रेलरला दिवे बसवून घेतले असतेस."

मी तोवर मनात दिवे कुठे बसतील ते बघायला लागलो होतो.

मी उठलो. तोही उठला. बोटवाल्याचा ट्रॅक्टर बिघडलाय, असं त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. बोट शनिवारी पाण्यात सोडायची तर आहे, आणि एवढं वजन ओढणारा दुसरा ट्रेलर जवळपास नाही. "आणलाच आहेस, तर एकदा," तो म्हणाला. "धक्क्यापर्यंत."

मी बघतो म्हणालो आणि घरी आलो.

बायको काकडी चिरत होती. मी सगळं सांगितलं. ती चिरत राहिली. ज्या बाईला बातमी नवी असते तिची सुरी थांबते. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं. ती म्हणाली, ताईने शपथ घातली होती. मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, तुम्ही न्हाणीघरात नांगर तोलत होतात तेव्हापासून.

"आणि तू मला एक्सल बदलू दिलास?"

"भाऊजी सांगतील असं वाटलं," ती म्हणाली. मग सुरी खाली ठेवली. "आणि तुम्ही खूश होतात हो. मला ते मोडवेना."

घरात दोनच माणसं. त्यांतल्या एकाला वर्षभर माझी कीव येत होती आणि दुसरा शिट्टी वाजवत फिरत होता.

शनिवारी मी गेलो. का गेलो, हे मला बायको आणि कप्तान दोघांनीही विचारलं, आणि मी दोघांनाही वेगवेगळी कारणं सांगितली. खरं कारण असं की ती बोट त्या ट्रेलरवर बसते का, हे मला बघायचं होतं.

बसली. मी दोर ओढायची चक्री फिरवत गेलो तशी ती रुळांवरून अलगद वर आली आणि जिथे यायला हवी तिथेच थांबली. पाटे थोडे दबले, जितके दबायला हवेत तितकेच. हुकावर दहावा भाग. रस्त्याने मी आरशात बघत होतो. ती जरासुद्धा हलली नाही. मागे काही जोडलेलं आहे हे खड्ड्यातसुद्धा जाणवत नव्हतं. इतका जुळलेला जोड मी कधी ओढला नव्हता. कप्तान शेजारी बसला होता, नवी टोपी मांडीवर धरून. तोही मागे बघत होता. "काय बसलीय," तो हळूच म्हणाला.

मी उतारावर ट्रेलर उलटा घेतला, चाकं बुडेपर्यंत. बोट तरंगली आणि सुटली. डॉक्टर धक्क्यावर उभे होते. त्यांनी दोर झेलला आणि अशी गाठ मारली की ती दाढेतसुद्धा टिकली नसती. मी गाडीतून उतरलो नाही. कप्तान बोटीवर चढला, छपराखाली उभा राहिला, आणि मला म्हणाला, चल की, एक फेरी मारू. मी म्हटलं, ट्रेलर इथे उभा करता येत नाही. उतारावर आणखी सहा ट्रेलर उभे होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

परतताना रस्ता तोच होता. पण एवढ्या वजनासाठी केलेले पाटे रिकाम्या ट्रेलरला दबत नाहीत. प्रत्येक खड्ड्याला तो हातभर उडत होता आणि सबंध सांगाडा खणखणत होता. लोक दारांतून डोकावत होते. मी गाडी कितीही हळू घेतली तरी आवाज कमी होईना.

बायकोने तो गल्लीच्या तोंडापासूनच ऐकला असावा. मी पोचलो तेव्हा ती फाटक उघडून धरून उभी होती. ट्रेलर आत गेला, शांत झाला. तिने फाटक लावलं. मी हुक सोडवायला वाकलो तेव्हा म्हणाली, "बसली का?"

"बसली," मी म्हटलं. "अगदी मापात."